झेंड्यांच्या माळा घातलेलं जहाज

समुद्र आमच्या झरीपासून रात्रभराच्या प्रवासावर, आणि मला छंद लागला तो लढाऊ जहाजांचे फोटो काढायचा. घरचे म्हणत, "पवता येईना अन् जहाजं बघायला चाललाय." मी ऐकून सोडून द्यायचो. वर्षातून एकदा कापसाच्या जिनिंगमधून रजा काढून मुंबई गाठायची, लाँचमध्ये बसून गोदीसमोरून जायचं आणि दिसतील तेवढी जहाजं टिपायची. नुसत्या डोलकाठीवरून मी जहाज ओळखत असे, आणि त्याचा मला गर्वही होता.

परभणीत माझ्या मित्राचा फोटो स्टुडिओ होता. कॅमेरा धरायला त्यानंच शिकवलं, रोलही तोच धुवून द्यायचा. माझ्या या वेडाला न हसणारा तो एकटाच, असं मी धरून चाललो होतो.

एका वर्षी कळलं की माझं सगळ्यात लाडकं जुनं जहाज आता भंगारात निघणार. दरवेळी मी जायचो आणि ते नेमकं बाहेर गेलेलं असायचं. यंदा प्रजासत्ताक दिनी ते समोर उभं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंड्यांच्या माळा घालून. सगळा रोल मी त्याच्यावरच संपवला. परभणीला उतरल्या उतरल्या तो मित्राच्या हातात दिला आणि झरीला आलो. लगेच विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद सुरू झाला, एसटी थांबली, मी घरीच अडकलो.

गाड्या सुरू झाल्यावर गेलो, तर मित्रानं कोरी फिल्म उजेडात धरली. "झाकण काढलंच न्हाईस तू," तो म्हणाला. "मलाच लय वाईट वाटायलंय." माझ्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी, भिंगावर झाकण राहिलं तरी कळायचं नाही. म्हणून मला पटलं. स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या, त्यानं पाजलेला चहा प्यालो आणि घरी येऊन कॅमेरा ट्रंकेत टाकला.

दोनेक वर्षांनी कापसाच्या कामासाठी देवगाव फाट्याजवळ एका शेतकऱ्याच्या घरी गेलो. देव्हाऱ्याशेजारी त्यांच्या लेकाच्या लग्नाचा फोटो होता, त्याला हळदकुंकू लावलेलं. नवरा-नवरी हार घालून उभे आणि त्यांच्या अंगावरून पुसट वर गेलेलं देवळाचं शिखर, शिखरावरून दोन्हीकडं उतरलेल्या पताका.

"आमचं कुलदैवत आलतं लग्नाला," घरची बाई म्हणाली. "फोटोवाल्यानंच दाखवलं. पाया पडा, भाऊ."

ते शिखर नव्हतं, माझ्या जहाजाची डोलकाठी होती. माझाच भरलेला रोल कुणीतरी पुन्हा कॅमेऱ्यात घातला होता आणि जहाजावरच लग्न उमटलं होतं. फोटोवाला कोण, हे विचारायचीही गरज नव्हती. अंगाची लाही झाली, पण त्या बाईचा काय दोष? मी पाया पडलो.

तिथून तडक परभणी गाठली. मित्र नाही म्हणाला नाही. "बंदात दुकानं उघडी न्हवती, रोल कमी पडले. तुझा नवा समजून घातला."

"मग दुसरीच फिल्म दाखवून झाकणाचं कशाला सांगितलंस?"

"तू गावभर केलं असतंस. लग्नाचे फोटो बिघडवतो म्हणल्यावर मला कोण बोलावलं असतं?"

निगेटिव्ह मागितली. ती त्यानं तेव्हाच जाळली होती.

चूक कुणाच्याही हातून होते. त्याच दिवशी खरं बोलला असता तर दोन शिव्या हासडून मी पुढच्याच आठवड्यात मुंबईला गेलो असतो. जहाज पावसाळ्यापर्यंत तिथंच उभं होतं. हे त्याला चांगलं ठाऊक होतं, कारण त्याच्याच दुकानात बसून मी हळहळायचो, अजून हाय म्हणं ते, जाऊन येऊ का एकदा. आणि तो मान खाली घालून कुणाचा तरी फोटो कापत म्हणायचा, "जाऊ दे. तुझ्या हातानं न्हाई जमायचं ते."