सात वर्षांवरील मुलगे

माझी आई सोलापुरात बायकांच्या एका आधारगृहाची मेट्रन होती. नवऱ्यानं टाकलेल्या, दिरा-सासऱ्यांनी हाकललेल्या, मागे कुणी उरलंच नाही अशा बायका मुलांना घेऊन तिथे राहायच्या. फाटकाला लागून दोन खोल्या होत्या, त्यांत आई आणि मी. वडील मी तीन वर्षांची असताना गेले. ही नोकरी मिळाली नसती तर आमचीही अंथरुणं आतल्या लांबोळ्या खोलीत इतर बायकांच्या ओळीत पडली असती. हे मला तेव्हा सुचायचंही नाही. मी त्या जागेची मालकीण असल्यासारखी वावरायचे.

ऑफिसच्या भिंतीवर नियमांची पाटी होती. फाटक किती वाजता बंद होईल, पाहुणे कुठे बसतील, असं बरंच काही. त्यात एक ओळ होती : सात वर्षांवरील मुलगे ठेवले जात नाहीत. तसा मुलगा असला तर त्याची रवानगी दुसऱ्या गावच्या मुलांच्या बालगृहात व्हायची. बाईला ते नको असेल तर तिनं दुसरी सोय बघायची. मी येताजाता ती पाटी वाचायचे आणि अक्षरं किती सुबक आहेत एवढंच बघायचे.

बहात्तरच्या दुष्काळात आधारगृह भरून गेलं. त्या उन्हाळ्यात माढ्याकडची एक बाई दोन मुली घेऊन आली. नवरा कामाला म्हणून गेला तो परतला नव्हता आणि दिरानं घराला कुलूप घातलं होतं. धाकटी मुलगी चारेक वर्षांची, थोरली माझ्याएवढी, म्हणजे नऊ-दहाची. थोरलीच्या दोन जाड वेण्या थेट कमरेपर्यंत यायच्या. मला त्या वेण्यांचा हेवा वाटला आणि आठवड्याभरात आमची गट्टी जमली. मी तिच्या आईला मावशी म्हणायला लागले.

ती शाळेत जात नव्हती. मावशी म्हणायची, धाकटीला कोण बघंल? मग मी शाळेतून आले की पुस्तकं घेऊन तिच्यापाशी बसायचे. मी तिला शिकवतेय असा माझा तोरा असायचा, पण खरं तर उलटंच चालायचं. एकोणतीसचा पाढा ती सुलटा-उलटा दोन्ही म्हणायची. सागरगोटे मात्र तिला अजिबात जमायचे नाहीत. आणि आंघोळ तिला मावशीच घालायची, सगळ्या बायका उठायच्या आधी, मोरीचं दार लावून. एवढ्या मोठ्या मुलीला आई आंघोळ घालते म्हणून मी तिला हसायचे.

एकदा दुपारी आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो होतो. तिनं वेणीचं टोक दातात धरलं होतं. मधेच म्हणाली, "तुला येक सांगू? पर कुनाला सांगायचं न्हाय. आईची शपत घे."

मी घेतली.

"मी पोरगी न्हाय."

मी हसले. "मग काय आहेस?"

"पोरगा हाय की."

त्यानं सगळं सांगितलं. केस येडाई देवीच्या नवसाचे होते, वडील आल्याशिवाय उतरवायचे नव्हते. एसटी स्टँडवर एका बाईनं मावशीला सांगितलं की हितं मोठी पोरं घेत न्हाईत. तेव्हा मावशीनं तिथल्या तिथे बाकड्यामागे त्याला बहिणीसाठी मागून आणलेला, तिला फार मोठा होणारा फ्रॉक घातला. "मला ह्यो फराक लई नगं वाटतोय," तो म्हणाला, "पर आई म्हनली, न्हायतर तुला येगळं नेतील."

मी ते चार महिने जपलं. माझ्याकडे गुपित आहे याचा मला अभिमान होता. लोकांसमोर मी त्याला मुद्दाम "अगं" म्हणायचे आणि आम्ही दोघं गालात हसायचो.

कोठीच्या खोलीत सुकडीची पोती असायची. दुष्काळी कामांवर वाटायचे ती गोड सुकडी, आमच्याकडेही लहान मुलांना मिळायची. मूठभर मिळायची आणि मला आणखी हवी असायची. कोठीच्या किल्लीची जागा मला ठाऊक होती. एक दिवस दुपारी मी त्याला घेऊन आत शिरले. तो नको म्हणत होता. "बाई मारतील," म्हणाला. मीच त्याला हाताला धरून ओढलं.

त्या दिवशी आधारगृह चालवणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाई न कळवता आल्या होत्या. आई त्यांना कोठी दाखवायला घेऊन आली. दार उघडं दिसलं. पावलं ऐकताच त्यानं मागच्या खिडकीतून उडी टाकली. मी तोंडभर सुकडी घेऊन उभी राहिले.

अध्यक्षबाई तशा वाईट नव्हत्या. दर महिन्याला स्वतः येऊन बायकांची विचारपूस करणाऱ्या त्या समितीत एकट्याच. पण त्या दिवशी आईकडे वळून म्हणाल्या, "मेट्रनचीच मुलगी हे करते, तर इतरांना काय सांगायचं?"

आईचा चेहरा उतरला. तिनं माझा दंड धरला आणि हात उगारला. अध्यक्षबाईंनी विचारलं, "आणि खिडकीतून पळाली ती मुलगी कोण?"

मार चुकवायचा होता, एवढंच. दुसरं काही कारण मला आजवर सापडलेलं नाही. त्याच्यावर माझा राग नव्हता, भांडण नव्हतं. सगळ्यांचं लक्ष माझ्यावरून उठून दुसरीकडे जावं म्हणून मी म्हणाले, "ती मुलगी नाहीच. तो मुलगा आहे. मुलीचे कपडे घालून राहतो."

आईचा हात खाली आला. मी तिच्याकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ती घाबरली होती.

पुढचं सगळं ऑफिसात झालं, मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. मावशीला बोलावलं. तिनं काही नाकारलं नाही. आई म्हणाली, "आठ-पंधरा दिवस द्या, मी काहीतरी बघते." अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, इथे तरण्या मुली आहेत. एकाला ठेवलं तर उद्या दुसरीला नाही कसं म्हणणार? त्याला बालगृहात पाठवू. शाळा मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल. ह्या दोघींना खुशाल राहू दे."

मावशी म्हणाली, "त्याला तितं आन् मला हितं? मग मी घर सोडून आले कशाला? तिगंबी जातो आमी."

त्या संध्याकाळी आईनं मला मारलं नाही. जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिली. म्हणाली, "मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग तू का नाही बोललीस?"

"बोलल्यावर काय होतं ते बघितलंस ना आज?"

मग ताट उचलून ती मोरीकडे गेली आणि बराच वेळ तिथेच भांडी घासत राहिली. एवढीशी तर भांडी होती.

सकाळी ते तिघं निघाले. दान आलेल्या कपड्यांतला एक ढगळ सदरा त्याच्या अंगात होता. वेण्या सोडून केसांची गाठ बांधली होती, वर टोपी. स्वयंपाकघरात अक्कलकोटकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांना सगळे अव्वा म्हणायचे. पाण्याच्या पाळीवरून त्यांचं आणि मावशीचं नेहमी वाजायचं. तरी अव्वांनी भाकऱ्या आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून दिली. धाकटीला कडेवर घेऊन त्या कानडीत काहीतरी पुटपुटत फाटकापर्यंत गेल्या. मी आमच्या खिडकीच्या पडद्याआड उभी होते. त्यानं एकदा आमच्या दाराकडे पाहिलं. मी पडदा सोडला.

आई दोनदा त्यांना शोधायला गेली. एकदा कळलं की मावशी खडी फोडायच्या कामावर आहे. आई तिथे पोचली तोवर ते काम बंद पडून माणसं पांगली होती.

दोनेक वर्षांनी मावशी आपणहून आली. सोलापूरजवळच कुंभारीला कामगारांच्या खोल्यांत एक खोली मिळाली होती, तिथलं रेशनकार्ड काढायला कुणाची तरी चिठ्ठी हवी होती. ती वाळली होती, पण आवाज तोच. मी चहा घेऊन गेले तर म्हणाली, "आगं बया, लई मोठी झालीस की!" आणि कानशिलावर बोटं मोडली.

आईनं मुलांचं विचारलं.

"धाकटी जातीया साळंत. थोरला मागावर सुताच्या कांड्या भरतोय. केस उतरवलं त्याचं, किती दीस वाट बघायची? साळा कवाच ऱ्हायली, बाई. पर काम करता करता पाढं म्हनतोय अजून."

आई चिठ्ठी लिहीत होती. मावशीनं बशीत चहा ओतला आणि म्हणाली, "अव्वा कुटं दिसंना?"

"गेल्या त्या अक्कलकोटला. मठात सेवा करतात."

"त्या म्हातारीला मी लई तळतळाट दिलं. पाण्यावरनं भांडान झालतं, म्हनून तिनंच सांगितलं आसनार आमचं. दुसरं कोन सांगंल?"

आईची लेखणी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बारा वर्षांची होते, सगळं कळत होतं. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांत झालं असतं. मी रिकामी कपबशी उचलली आणि आत गेले. मागून आईचा आवाज आला, "अव्वा तसल्या नव्हत्या हो." मावशी "आसंल बी" म्हणाली आणि विषय संपला.

आत चुलीपाशी उभी असताना मला एक गोष्ट उमगली. त्यानं फक्त मला सांगितलं होतं. कुणी फोडलं हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि दोन वर्षं, आपली आई एका म्हातारीला शिव्याशाप देतेय हे ऐकत असूनही, त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं.

मावशी गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तू बोलशील." तूच का नाही बोललीस, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तिनं मला झाकलं होतं, आणि तेही तिला सोसत नव्हतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

त्यानंतर आई समितीच्या मागेच लागली. प्रत्येक बैठकीत तोच विषय. शेवटी फाटकाबाहेरच्या बाजूला, स्वतंत्र दाराच्या दोन खोल्या बांधल्या गेल्या. मोठे मुलगे असलेल्या बायकांनी मुलांसकट तिथे राहावं, काम लागेपर्यंत. उद्घाटनाला अध्यक्षबाईंनीच आईचं कौतुक केलं. मी पेढे वाटत होते. कुणीतरी म्हणालं, मेट्रनबाईंना हे सुचलं कसं? आईनं पदर सारखा केला आणि पाणी प्यायला आत गेली.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी एकटीच कुंभारीच्या बसमध्ये बसले. काय बोलायचं ते मनात पाठ केलं होतं. खोल्यांची ओळ सापडली. शेजारी तेलुगू बोलणारी एक बाई विड्या वळत होती. मोडक्या मराठीत तिनं सांगितलं, ते गेले भिवंडीला, पोराला तिकडे मागावर काम लागलं, आईला आणि बहिणीलाही घेऊन गेला. चांगला पोरगा, म्हणाली. तिच्या पुतण्याचंच कुटुंब तिकडे त्यांच्या शेजारी राहतं, पत्र जातं-येतं.

मी मान डोलावली, तिच्या हातचं पाणी प्याले. पत्ता मिळेल का, असं विचारायचं होतं. विचारलं नाही. परतीची बस उभीच होती, तिच्यात जाऊन बसले. घरी आईनं उशीर का झाला विचारलं, तर म्हणाले, प्रॅक्टिकल लांबलं.