एका कोपऱ्यातल्या तीन लोट्या

याकूब मुजावर साहेबांच्या एकसष्टीचा ग्रंथ निघतोय, त्यात तुमचाही लेख हवा, असं सांगायला समितीचे दोन गृहस्थ सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या माझ्या भाकरीच्या दुकानात आले. मी आधी विचारलं, दुकान चुकलं नाही ना? साहेबांची सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. त्यांच्यावर लिहायला तहसीलदार आहेत, वकील आहेत, त्यांच्या हाताखाली शिकलेले तलाठी आहेत. मी चौथी झालेली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणारी बाई. ते म्हणाले, तुमचं नाव साहेबांनी स्वतः दिलंय. पहिल्या ओळखीपासून सुरू करा आणि चांगलं लिहा.

आता अडचण अशी की साहेबांनी माझी जागा घालवली. आणि मला वाचवलं तेही साहेबांनीच. एकाच माणसाने दोन्ही केलं तर त्यांचा गौरव कुठल्या टोकाकडून सुरू करायचा, हे काही त्या गृहस्थांनी सांगितलं नाही. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

शहर संपतं तिथून पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, मी एक प्लॉट घेतला होता. लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्यांत दिवस काढले. घरमालकाचा मुलगा लग्नाला आला की आमचं बिऱ्हाड हलायचं. सांगोल्याच्या माहेरून आलेल्या पाटल्या मोडल्या आणि जागा घेतली. ज्यांनी विकली त्यांचं नाव लिहीत नाही, कोर्टात केस चालू आहे. प्लॉटवाले म्हणते. बोलणं गोड, ताईशिवाय हाक नाही. कागद नोटरी करून दिला. त्यावर लाल शिक्का, वर सिंहाचा छाप. मला वाटलं, सरकारच्या कागदावर लिहिलंय म्हणजे सरकारला माहीत आहे. सरकारच्याच कागदावर सरकारचीच जागा विकतात आणि सरकारला पत्ता नसतो, हे मला अजून पटत नाही. पण तसंच असतं म्हणे.

भूमिपूजनाला प्लॉटवाले स्वतः आले. आपल्याकडे भेटीच्या भांड्यावर नाव घालतात, तशी नाव घातलेली तांब्याची लोटी त्यांनी मला दिली. मशीनने कोरलेलं: सप्रेम भेट, खाली त्यांच्या कंपनीचं नाव, माझा प्लॉट नंबर आणि तारीख. त्या लोटीत सुपारी, हळकुंड आणि नाणं घालून आम्ही ती ईशान्येच्या कोपऱ्यात पुरली. पहिली मूठ माती त्यांनीच टाकली. चार कोपऱ्यांना चार दगड मांडून मी चुना फासला. बांधकाम काही जमलं नाही, पण दर दिवाळीला चुन्याची बादली घेऊन मी जायची.

अशीच एका वर्षी गेले, तर माझ्या प्लॉटच्या तोंडाशी दोन माणसं खड्डा खणत होती. शेजारी लोखंडी बोर्ड आडवा पडलेला. उन्हात एक साहेब उभे, पांढरा शर्ट, काखेत फाईल. तेच मुजावर साहेब. त्या भागाचे मंडल अधिकारी, म्हणजे तलाठ्यांच्या वरचे. बोर्डावर लिहिलेलं मला वाचता आलं. ही जागा शासनाच्या मालकीची आहे, खरेदी-विक्री करू नये.

मी म्हटलं, खांब उपटा, जागा माझी आहे. साहेब म्हणाले, "अक्का, जागा सरकारची आहे. सातबारा दाखवतो."

"सरकारची व्हती तर इतकी वर्सं मोकळी कशी? आमी चुना लावून गेलो, कुनी इचारलं न्हाय. आज बरा बोर्ड सुचला."

त्यावर त्यांनी फाईल उघडून काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं माझं नाव लिहिलं, आता हा माणूस आपल्याला सोडत नाही. मी चुन्याची बादली तिथेच उपडी केली आणि निघून आले. ही आमची पहिली ओळख. ग्रंथात शोभत नसेल तर समितीने काढून टाकावी, पण ओळख हीच आहे.

मग नोटीस आली. सरकारी जमिनीवर अतिक्रमण केलं म्हणून तुमच्यावर कारवाई का करू नये, असं त्यात होतं. प्लॉटवाल्यांना फोन केला तर ते वेगळंच बोलायला लागले. म्हणाले, ताई, मी तुम्हाला ती जागा दाखवलीच नव्हती, कागदावरची जागा पलीकडची, माझ्या शेतातली आहे. तुम्हीच चुकीच्या ठिकाणी घुसलात. तहसीलमध्येही त्यांनी तसंच लिहून दिलं. आमच्या कागदावर पूर्वेला रस्ता, पश्चिमेला ओढा एवढंच होतं. असा रस्ता आणि असा ओढा सोलापुराभोवती पन्नास ठिकाणी सापडेल. म्हणजे जागा गेलीच, वर चोर मी. आमचे हे म्हणाले, तू गप बस, जास्त बोललीस तर आत घेतील. मी बोलू की गप बसू, तेही कळेना.

साहेबांनी जागेवर पाहणी ठेवली आणि नोटीस गेलेल्या सगळ्यांना बोलावलं. मी आधी पोचले आणि माझ्या चार दगडांच्या मधोमध उभी राहिले. थोड्या वेळाने माळशिरसचे एक रिटायर गुरुजी आले, हातात छत्री. ते म्हणाले, "बाई, जरा सरका. तुम्ही माझ्या प्लॉटात उभ्या आहात." मी म्हटलं, गुरुजी, तुमी सरका. एवढ्यात पद्माक्का आली. ही माझ्या गल्लीतली, मागावर चादरी विणणाऱ्या घरातली, माझं रोजचं गिऱ्हाईक. तिला बघून मला बरं वाटलं, की चला, आपल्या बाजूने बोलायला एक बाई आली. तर ती पण त्याच दगडांत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, हे माझं.

आम्ही तिघं तिथे अर्धा तास भांडलो. माझा नंबर चौदा, गुरुजींचा सत्तावीस, पद्माक्काचा नऊ. गुरुजी म्हणत, दगड त्यांनी मांडले. मी म्हणत होते, चुना कुणाचा? साहेब बाभळीच्या सावलीत एका धोंड्यावर बसून राहिले. कुणाला थांबवलं नाही. आमचं भांडण दमलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, जागा आपली आहे याची तुमच्याकडे कागदाशिवाय काय खूण आहे?

मी म्हटलं, ईशान्येला माझी लोटी पुरलीय. आणि बोट केलं. गुरुजींनीही बोट केलं होतं. पद्माक्कानेही. तिन्ही बोटं एकाच कोपऱ्याकडे.

मग भांडायचंच काही उरलं नाही.

साहेबांनी खणायची परवानगी मागितली. मी नाही म्हटलं. पुरलेली लोटी वर काढत नाहीत, त्या घराचं भलं होत नाही, हे लहान पोरालाही माहीत आहे. त्यांना ती रीत ठाऊक होती. आणि हुकूम काढून खणायचा अधिकारही त्यांना होता. तसं त्यांनी केलं नाही. मला म्हणाले, "अक्का, घर उभं राहिलं असतं तर मी हात लावला नसता. पण जिथं तुमचं घर होणारच नाही, तिथं तुमची लोटी कशाला अडकवून ठेवता?"

हे ऐकून मला रडू यायला पाहिजे होतं. आला राग. पण कुणाचा, ते समजेना. मी म्हटलं, खणा.

साहेबांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. सोबत आलेल्या गावच्या कोतवालाच्या हातातली कुदळ स्वतः घेतली. हातभर खाली गेल्यावर कुदळ बाजूला ठेवून हातांनी माती काढली आणि म्हणाले, आता ज्याची त्याने उचला. एकीला एक लागून तीन लोट्या होत्या. तिन्हींवर सप्रेम भेट, तेच नाव, नंबर वेगळे, तारखा वेगळ्या. माझी सगळ्यात खाली, आणि तिच्या गळ्याला वेड्या बाभळीच्या मुळाने वेढा दिलेला. मी मूळ तोडायला गेले तर साहेबांनी थांबवलं. आधी पंचनाम्यात मूळ लिहिलं, फोटो काढला. मला वाटलं, या माणसाला आता मुळाचं काय पडलंय. पुढे कोर्टात प्लॉटवाल्यांचे वकील म्हणाले की लोट्या यांनी नंतर आणून पुरल्या, तेव्हा ते मूळच उपयोगी पडलं. मूळ काही आठ दिवसांत वेढा देत नाही.

प्लॉटवाल्यांनी सगळं नाकारलं होतं, पण भांड्यावर नाव घालायची हौस त्यांना नडली. त्या पंचनाम्यावर सरकारतर्फे साहेबांनी पोलिसात फिर्याद दिली. आमच्यावरची अतिक्रमणाची नोटीस मागे घेतली गेली आणि आम्ही आरोपीचे साक्षीदार झालो. म्हणजे आरोपी ते, साक्षीदार आम्ही. हे असलं मला अजून नीट लिहिता येत नाही.

साहेबांच्या गुणांबद्दल लिहा असं समितीने सांगितलंय, तर तहसीलमध्ये त्यांनी आमचे जबाब घेतले त्याचं सांगते. कारकुनाने लिहिलं, सदर इसमाने मला भूलथापा देऊन माझा विश्वासघात केला. मी म्हटलं, हे मी बोललेच नाही. कारकून वैतागला. साहेबांनी ती ओळ खोडायला लावली आणि मी बोलले तेच लिहिलं: ते ताई म्हणायचे, त्यांनी लोटी दिली, मला खरं वाटलं. पद्माक्काला मराठीत अडायला झालं तर ते तिच्याशी मोडक्यातोडक्या तेलुगूत बोलले. ती हसली. त्या दिवशी तहसीलमध्ये तेवढंच कुणीतरी हसलं.

मग त्यांनी पद्माक्काला विचारलं, तुम्हाला ही जागा कुणी सांगितली? पद्माक्का म्हणाली, "कुनी न्हाय. मीच गेले."

ते खोटं होतं. मी सांगितली होती. दुकानात भाकरी बांधून देताना म्हटलं होतं, घे की, लई चांगली जागा हाय, माणूस देवासारखा. माझ्या शब्दावर तिने घेतली आणि प्लॉटवाल्यांनी तिला माझीच जागा विकली. ती मला वाचवत होती. मी गप बसले असते तर कुणाला कळलं नसतं, आणि आमचे हे मागून माझा पदर ओढत होते. मी म्हटलं, "मी सांगितली. लिहा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. मला वाटलं, आता परत आरोपी. तसं काही झालं नाही. का झालं नाही ते मी विचारलं नाही.

वर्षाने कोर्टात साहेबांची साक्ष झाली. आम्ही तिघं मागच्या बाकावर बसलो होतो. समोरच्या वकिलांनी साहेबांना विचारलं, तुम्ही त्या रस्त्याने कित्येक वेळा गेलात, चुन्याचे दगड तुम्हाला दिसले नाहीत का? लक्षात नाही, एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. नोकरीतली माणसं तेच म्हणतात. साहेब म्हणाले, "दिसले होते. मी थांबलो नाही. बोर्ड आधी लागायला हवा होता. ती चूक माझी."

 सरकारी वकिलांनी डोक्याला हात लावला. मला तर कळेना की हा माणूस कुणाच्या बाजूने बोलतोय. या उत्तरावरून ऑफिसने त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला, तोही रिटायर व्हायला थोडे महिने राहिले असताना. निरोपाच्या कार्यक्रमाला वरचे साहेब आले नाहीत असं ऐकलं.

त्यानंतर ते दुकानात भाकरी न्यायला आले तेव्हा मी त्यांना फटकन विचारलं, कशाला बोललात? ते म्हणाले, "अक्का, पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, इतकी वर्षं जागा मोकळी कशी. ते मी फाईलमध्ये लिहून ठेवलं होतं. उत्तर द्यायचं राहिलं होतं." मग भाकरी पिशवीत ठेवत म्हणाले, "आणि तुम्ही त्या दिवशी 'लिहा' म्हणालात. मी लपवलं असतं तर बरं दिसलं नसतं."

माझं नाव या ग्रंथासाठी का दिलं असेल, ते मला त्यावरून थोडं कळतं. सगळं कळत नाही.

आता ते दर गुरुवारी दुकानात येतात. बाकावर बसतात आणि जागा घ्यायला निघालेल्या बायाबापड्यांना सातबारा वाचायला शिकवतात. फुकट शिकवतात, पण चहा माझा जातो. आलेल्या कागदांतले निम्मे खोटे निघतात. बाया पहिल्यांदा त्यांच्यावरच चिडतात, जशी मी चिडले होते. ते चिडू देतात, आणि मग म्हणतात, पुढच्या गुरुवारी परत कागद घेऊन या.

पद्माक्का माझ्याशी बोलते. भाकरी नेते. जागेचा विषय काढत नाही. मी अजून भाड्याच्या खोलीत आहे. ती जमीन तशीच मोकळी आहे, बोर्ड गंजलाय, बाभळ परत वाढलीय. प्लॉटवाले जामिनावर आहेत, रस्त्यात दिसले की अजून ताई म्हणतात. खटल्यात कुणाचं काय होणार, ते विचारू नका. तारखा पडतात.

माझी लोटी कोर्टाच्या मुद्देमालात आहे, चिंधीत बांधून, लाखेचा शिक्का मारून. निकाल लागल्याशिवाय मिळत नाही. मुजावर साहेब, तुम्हाला दीर्घायुष्य लाभो असं सगळेच लिहितील. माझं तसं नाही, माझं काम आहे तुमच्याकडे. कोर्टाला वेळ लागतो, म्हणून तुम्हाला भरपूर आयुष्य पाहिजे. बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्या, उन्हात फिरू नका, आणि लोटी सुटेल त्या दिवशी हजर राहा. ती मी परत कुठल्या जमिनीत पुरणार नाही. चिंचेने घासून लख्ख करीन आणि पहिलं पाणी त्यातून तुम्हाला देईन. मग तेव्हा घर माझं असो की भाड्याचं.

— शालन बाबर