लाल चिंधीची काकडी

पिकून पिवळी पडलेली काकडी चिरली, की तिच्या आंबूस वासाबरोबर मला मालेगावचं आमचं परसदार आठवतं. उन्हाळा नुकताच लागला होता. शेजारच्या खालांनी आमच्या मधल्या कुंपणावर काकडीचा वेल चढवला होता. बी त्यांच्या आईच्या हातचं, आसेगावचं. त्यांची आई गेली, आणि उरलेलं सगळं बी खालांनी याच वेलासाठी पेरलं. कोवळ्या काकड्या आम्ही खाल्ल्या. एक बियाण्यासाठी ठेवून तिला त्यांनी लाल चिंधी बांधली. अशा फळाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही. मोगऱ्याला पाणी घालताना मी रोज म्हणायची, "खाला, आता तोडाच तिले." त्या हसायच्या. "तुले लय घाई. देठ सुकू दे, मंग बी पक्कं होते." देठ सुकत आला त्या दुपारी वानरांची टोळी उतरली. आम्ही दोघी माझ्या घरात पळालो. मी दार लावलं, ताट बडवलं, खिडकीतून चपला फेकल्या. पायरीवर बसलेला हुप्प्या दात विचकत राहिला. पोटाशी पिलू धरलेल्या एका वानरीने काकडी तोडली, बियांसकट खाल्ली आणि जाताना वेलही मुळापासून ओढला. खाला खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. "तिले काय मालूम माय, कोनाच्या हातचं हाये," एवढंच म्हणाल्या. टोळी गेल्यावर आम्ही ओणव्याने माती चाळली. चिंधी सापडली. आता माझ्या गच्चीवर पक्की जाळी आहे, आत काकडीचा वेल आहे. बी दुकानातलं आहे.