मोजपट्टीने मोजलेले अकरा दिवस

आमच्या शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. गळ्यात कायम टेप, नजर घारीची. कॉलरला एक चुणी दिसली तरी शर्ट परत! मी इस्त्रीवाली, त्यामुळे सगळ्यांत जास्त शर्ट माझेच परत यायचे. तेव्हा आमचं सख्य किती असेल ते ओळखा.

तपासणी आणि इस्त्रीच्या आम्ही सहाजणी दिवसभर उभ्या. हॉलमध्ये स्टूल एकच. जिला पाळी आलीय तिने बसायचं, बाकीच्यांनी काही विचारायचं नाही, असं आमचं ठरलेलं.

एक दिवस माझ्या टाचा ठणकत होत्या आणि मोजपट्टी तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा स्टुलावर. मी तोंडाची फटकळ. सगळ्यांदेखत म्हणाले, ''बाई, महिन्यातून दोनदा येते की बसायला निमित्त?''

तिचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्याच्या चुका काढणारी बाई, तिलाच मी खोटी ठरवलं. ती एवढंच म्हणाली, ''खोटी निघाले तर नोकरी सोडेन.''

त्या दिवसापासून हॉलमधल्या कपाटाच्या दाराआड ती शिंप्याच्या खडूने रेघ ओढू लागली. पाळीच्या प्रत्येक दिवसाला एक रेघ, जितक्यांदा पॅड बदललं तितके ठिपके.

महिन्याभराने तिने मला बोलावलं. ''मोज.''

अकरा रेघा. मध्ये नऊ दिवस मोकळे. परत दहा रेघा. एका रेघेखाली बारा ठिपके. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आम्ही तिला बसायला जागा देत होतो आणि त्यालाच माया समजत होतो.

''अगं, तू खोटी नाहीस, आजारी आहेस!''

''चाळिशीनंतर असंच असतं. सासूबाईंचंही होतं.''

''असा शर्ट पास केला असतास?''

तिने गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला आणि ती माझ्याबरोबर दवाखान्यात निघाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. ''जिना चढताना धाप लागते? रक्ताच्या मोठ्या गाठी पडतात?'' मोजपट्टी मान हलवत राहिली. हिमोग्लोबिन निघालं सात, गर्भाशयात लिंबाएवढी गाठ. बाई चांगल्याच रागावल्या. ''सात दिवसांच्या वर रक्त जातंय, तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, तर वयाच्या नावावर ढकलायचं नाही. यायचं!''

रक्त चढवलं, ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी ती तीन जिने चढून हॉलमध्ये आली, तेही बोलत बोलत! आम्ही टाळ्या पिटल्या, मी तर रडलेसुद्धा.

टाळ्या थांबल्या तशी ती माझ्याकडे वळली. ''मी नव्हते तेव्हाचंही कळलंय मला. तू पाच महिन्यांत एकदाही बसली नाहीस.''

''सुटले कटकटीतून,'' मी हसत म्हणाले. वय माझं बत्तीस, दिवसही गेले नव्हते.

''तीन महिने चुकले की दाखवायचं असतं. चल.''

मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण तिच्यामागून मुकाट गेले. थायरॉइड निघालं. गोळ्या सुरू झाल्या.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, मी इस्त्री उभी करून ओरडले, ''आली गं बाई, आली!'' हॉलमध्ये असा गलका झाला की मॅनेजर धावत वर आला. ''काय झालं? कोण आलं?''

आम्ही पदरात तोंड लपवणार, तोच मोजपट्टी खणखणीत आवाजात म्हणाली, ''हिला पाळी आली, साहेब. बरी झाली ती.''