बुरुल्चा जेंगेची फटफटी मार्गिलानला जाते

आमच्याकडे थोरल्या भावाच्या बायकोला जेंगे म्हणतात, आणि नणंदेने जेंगेच्या खोड्या काढायच्या असा रिवाजच आहे. मीही आयुष्यभर काढल्या. पण बुरुल्चा जेंगेचं नाव कुणी परक्याने हसत घेतलं, तर मी त्याला उभं सोडत नाही.

ती आमच्या नारिनकडच्या डोंगरातल्या सामुदायिक शेतावर जनावरांची कंपाउंडर होती. माझा भाऊ सागिन ट्रॅक्टर चालवायचा. साठी ओलांडल्यावर त्याची नजर गेली. पार आंधळा नाही झाला, पण समोर मेंढी आहे की धोंडा, हे त्याला जवळ गेल्यावरच कळायचं. दारात त्याची साइडकारवाली जुनी फटफटी पडून होती. वरच्या कुरणात मेंढ्यांची औषधं कोण नेणार? एक दिवस जेंगेने परकर खोचला आणि म्हणाली, “म्हातारबुवा, क्लच कुठला ते दाखवा.”

गावाने काय तोंडसुख घेतलं! दुकानासमोर बसणारा कुबान सागिनला म्हणाला, “काय रे, लगाम बायकोच्या हातात? आता ओढणी कधी घेतोस?”

सागिन शांतपणे म्हणाला, “तुझी बायको घोड्यावर बसायची तेव्हा तू ओढणी घेत होतास का? हेही जनावरच आहे. कान पिळले की पळतं.”

जेंगेने तालुक्याला जाऊन परीक्षा दिली, लायसन काढलं. तेव्हापासून ती हँडलवर आणि आमचा भाऊ साइडकारमध्ये, मांडीवर औषधांची पेटी घेऊन.

आता हिदोयतचं सांगते. आमचा आणि उझबेकांचा एकच देश होता त्या काळात या दोघांना कामगार संघाकडून इस्सिक-कुल सरोवरावर सुट्टी मिळाली होती. जेवणाच्या टेबलावर समोर मार्गिलानचं उझबेक जोडपं बसलं. एर्गाश तंदूरवर रोट्या भाजणारा आणि हिदोयत रेशीम गिरणीत विणकर. दोघी बायकांना पोहता येत नव्हतं. एकमेकींचा हात घट्ट धरून त्या गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या आणि मैत्रिणी होऊनच बाहेर आल्या. पुढे बरेच उन्हाळे कधी ते इकडे, कधी हे तिकडे. मग देश वेगळे झाले, मधे सीमेच्या काटेरी तारा आल्या, हलाखी आली. पत्ते बदलले. माणसं हरवली.

गेल्या वसंतात नारिनच्या बाजारात मार्गिलानची एक बाई रेशमी कापड विकत होती. जेंगेने सहज विचारलं आणि ती निघाली एर्गाशच्याच गल्लीतली! फोन लागला. एर्गाश ओक्साबोक्शी रडला. पण “हिदोयतला द्या” म्हटलं की म्हणायचा, “झोपलीय.” दुसऱ्या दिवशीही झोपलीय. आठवड्याने केला, तरी झोपलेलीच.

जेंगेने फोन ठेवला. “इतकं झोपणाऱ्या माणसाला जाऊनच उठवावं लागतं.”

“टॅक्सी करून देतो,” मुलगा म्हणाला.

“टॅक्सीत तुझ्या बापाला उलट्या होतात. फटफटीवर होत नाहीत.”

जूनमध्ये निघाले. साइडकारमध्ये सागिन, त्याच्या पायाशी सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या, एक कापलेला बकरा आणि माझ्या हातचा लोकरीचा नमदा. काझारमानच्या पुढच्या खिंडीत पाऊस लागला. रस्ता म्हणजे नुसती लाल राड, आणि मधून ओढा फुटलेला. पलीकडे जायचं कुणाचं धाडस होईना. ट्रक, जीपा, सगळे थांबलेले. जेंगेने खाली उतरून काठीने पाणी मोजलं.

“तुम्ही चालत या मागून,” ती सागिनला म्हणाली.

“मी उतरलो तर गाडी हलकी होऊन कलंडेल. चल तू. मला नाहीतरी दिसत नाही, मग भीती कसली?”

ती पाण्यात घुसली. मधोमध फटफटी धापा टाकायला लागली, जरा वाहत खाली सरकली आणि गुरगुरत पलीकडे चढली. मागे सगळ्या ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवले. हे सांगताना माझा भाऊ आजही छाती काढून बसतो.

सीमेवरच्या शिपायाने सागिनलाच दटावलं, “ड्रायव्हर, कागद घेऊन खाली उतरा.”

“ड्रायव्हर उतरलीय,” सागिन म्हणाला. “मी सामान आहे.”

मार्गिलानला पोचले तेव्हा एर्गाश तंदूरपाशी होता. पिठाच्या हातांनीच त्याने सागिनला मिठी मारली. पण जेंगेने त्याला विचारलं, “कुठाय ती?” आणि सरळ आतल्या खोलीकडे गेली.

हिदोयत भिंतीकडे तोंड करून बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. डावा हात लुळा, तोंड वाकडं, शब्द जड. तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता.

“अशी... बघायला आलीस मला?” तिने पदरासारखी ओढणी तोंडावर ओढली.

जेंगे तिच्याजवळ गेली. म्हणाली, “बघायला कशाला येऊ? माझा म्हातारा आंधळा, तू वाकडी, मी गुडघ्याने अधू. बघण्यासारखं काय राहिलंय? मी तुला फिरवायला आलेय. ऊठ.”

हिदोयतचा मुलगा झोकिर आडवा आला. “खाला, काय बोलता? आई पडेल. लोक काय म्हणतील?”

“मी वासरांना, शिंगरांना या साइडकारमधून नेलंय, एकही पाडलं नाही. तुझी आई त्यांच्याहून जास्त लाथा मारते का?”

आतून घोगरा आवाज आला. हिदोयत हसत होती. एर्गाशने दोन वर्षांत ते हसू ऐकलं नव्हतं. त्याने गाद्या आणल्या, साइडकारमध्ये अंथरल्या आणि बायकोला उचलून बसवलं. सागिन आपली जागा देऊन तुतीखाली चहा पीत बसला.

गल्लीतल्या बायका दारात आल्या. पोरं मागे धावली. “कुठे नेऊ?” जेंगेने विचारलं. हिदोयतने उजव्या हाताने दाखवलं. जुन्या गिरणीचं फाटक. पाळी नुकतीच सुटली होती. एका पोक्त विणकरणीने वळून पाहिलं आणि ओरडली, “हिदोयत ओपा! अगं बायांनो, आपली हिदोयत ओपा!” थोरल्या बहिणीला त्यांच्याकडे ओपा म्हणतात. मग सगळ्या भोवती जमल्या. तिने ज्यांना गाठ मारायला शिकवलं होतं, त्यांनी तिचा लुळा हात कपाळाला लावला. हिदोयतने तोंडावरची ओढणी केव्हाच मागे टाकली होती.

निघताना जेंगेने हळूच गाडी काढली, तर बाईसाहेब म्हणाल्या, “जो-रात.”

जेंगे आणि सागिन जर्दाळू उतरेपर्यंत राहिले. रोज संध्याकाळी दोघींची फेरी. शेवटच्या आठवड्यात हिदोयत काठी टेकत स्वतः अंगण ओलांडून साइडकारपर्यंत यायची, आणि कुणी हात धरला तर चिडायची.

या उन्हाळ्यात झोकिरनेच आईबापांना आमच्या कुरणात आणून सोडलं. आमच्या तंबूपुढे नमद्यावर बसून हिदोयतने घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा तोंडाला लावला आणि नाक मुरडलं.

“आंबट आहे.”

“तुझ्या मुलासारखं,” जेंगे म्हणाली. “पी, सवय होईल.”

एर्गाशने दगडमातीचा तंदूर उभा केलाय, आणि सागिन वासावरून सांगतो रोटी झाली की नाही ते. काल कुबान मान खाली घालून आला. त्याच्या सुनेला फटफटी शिकायची आहे. जेंगेने त्याला वर नमद्यावर बसवलं, गरम रोटी दिली आणि म्हणाली, “सकाळी पाठव. आणि परकर खोचून ये म्हणावं.”