हातावरचा इंग्रजी शब्द

नंदुरबार स्टेशनावरचा तो हमाल ओझं उचलण्याआधी त्याला हात लावून नमस्कार करायचा. मी तिथे पार्सल कारकून होतो. लढाईच्या दिवसांत एका गोऱ्या सोल्जराची ट्रंक त्याच्या हातून निसटली, तेव्हा सोल्जर त्याला 'बम' म्हणाला. अर्थ विचारायला तो माझ्याकडे आला.

"भाऊसाहेब, साहेब माले काय बोलना?"

इंग्रजाच्या तोंडी तो शब्द म्हणजे ढुंगण, अमेरिकनाच्या तोंडी ऐतखाऊ भटक्या. कचेरीतले सगळे ऐकत होते. त्यांना हसवायला मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "पहिलवान." त्याने मागितला म्हणून तो शब्द इंग्रजीत एका चिठ्ठीवर लिहूनही दिला.

तापीकाठच्या प्रकाशा गावच्या जत्रेहून तो परतला तो सुजलेला हात घेऊनच. मनगटाच्या वर तीन हिरवी अक्षरं गोंदलेली होती आणि त्यांचं वळण हुबेहूब माझं होतं. कचेरीत हशा पिकला. तोही हसला. आता खरं सांगावं म्हणून मी त्याला बाजूला घेतलं, पण आधी तोच गोंदलेला हात पुढे धरून हळू आवाजात बोलला.

"माणूस मरस तवय त्यानासंगे फक्त गोंदनच जास, भाऊसाहेब. देवले दखाडसू."