गुरुवारचा शटडाऊन आणि शमीमभाभींच्या कोंबड्या

गेल्या उन्हाळ्यात, एप्रिलातल्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी दोन वाजता केंदूरच्या शमीम मुलाणींवर अन्याय झाला. देखभालीसाठी लाईट बंद केली, त्यांच्या पोल्ट्रीतले पंखे थांबले आणि संध्याकाळपर्यंत अर्धी बॅच मेली. गुन्हेगार कोण? वादळ नाही, बिघाडही नाही. वेळापत्रक!

आमच्याकडे देखभाल गुरुवारी. का? कायम गुरुवारीच असते म्हणून.

मी शिरूर-दौंडच्या वीजजाळ्याच्या प्लॅनिंगवर काम करते. क्लायमेट डेटा म्हणजे काही जादू नाही. नकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन वर्षानुवर्षं कधी किती तापला, कधी तिथं वारं सुटलं, ते पाहायचं. जाळ्याला कधी ताण येणार, हे त्यावरून आधी कळतं. केंदूरच्या चौकोनात एप्रिलची दुपार लालभडक होती. आणि आम्ही नेमके तेव्हाच स्विच पाडणार!

मी भाभींना घेऊन थेट वीज कार्यालयातल्या देखभालीच्या मीटिंगला गेले.

"पुढची बॅच टाकू का शेडला कुलूप लावू, एवढंच सांगा," भाभी म्हणाल्या.

वेळापत्रक ठरवणाऱ्या साहेबांनी चष्मा पुसला. "त्या दिवशी टेंपरेचर फार नव्हतं."

"कुठलं, सर?"

"पुण्याचं."

"कोंबड्या केंदूरला होत्या, सर."

"मॅडम, मी दौंडचा. ऊन मला शिकवू नका. आणि गुरुवार लोकांच्या अंगवळणी पडलाय."

"कोंबड्यांच्या न्हाई पडला, साहेब," भाभी म्हणाल्या. "येत्या गुरुवारी या की शेडवर. चहा पाजते."

साहेब आले, हे मान्य करायला हवं. शेड रिकामं, वर पत्रा, पंखे बंद. चहा संपायच्या आत साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. भाभींनी ओलं गोणपाट पुढं केलं. "कोंबड्यांसाठी हेच टांगतो आम्ही. तुमच्या बाजूनं टांगू का?"

बाहेर पोलवर वायरमन कांबळेमामा होते. ते वरूनच ओरडले, "साहेब, वर या की! हितं तार न्हाई, तवा हाय!"

साहेबसुद्धा हसले. मग गोणपाट डोक्यावर घेऊन म्हणाले, "मॅडम, काढा तुमचा नकाशा."

फांद्या छाटणं, तारा जोडणारे जंपर बदलणं, अशी मोठी कामं हिवाळ्यात उरकायची ठरली. उन्हाळ्यात शटडाऊन सकाळी, ऊन चढायच्या आत. आणि त्या चौकोनात जास्त तापण्याचा अंदाज असेल, तर काम पुढं ढकलायचं. नवीन ट्रान्सफॉर्मर लागला नाही, नवीन लाईनही नाही.

यंदाच्या एप्रिलात गुरुवार आले तसे गेले. दुपारी पंखे फिरत होते. भाभींची अख्खी बॅच गाडीत चढली, तेव्हा कांबळेमामा खास बघायला आले होते. "मला पण सावलीत जेवाय मिळतंय आता," म्हणाले.

धडा साधा आहे: उन्हाला कॅलेंडर वाचता येत नाही. ऊन आपणच वाचायचं.

तुमच्या गावात देखभाल कधी असते? उद्या वीज कार्यालयात जा आणि विचारा, ही वेळ कुठल्या गावचं ऊन पाहून ठरवली. "कायम अशीच असते" हे उत्तर मिळालं, तर खुर्ची ओढून तिथंच बसा. वेळ बदलल्याशिवाय उठू नका.